कंपायलर-चाचणी, अंतःस्थापित यंत्रांवरील
कंपायलर-चाचणी, अंतःस्थापित यंत्रांवरील : उच्च पातळीच्या भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. मोटारगाड्या, घरगुती उपकरणे इत्यादींतील मायक्रोकंट्रोलरसाठी असलेला कंपायलर मोठ्या संगणकावर चालतो. त्याने निर्मिलेली आज्ञावली मात्र दुसऱ्याच, लहानशा यंत्रावर चालते. त्यामुळे त्याची चाचणी दोन यंत्रांत विभागली जाते आणि तिच्या विश्वसनीयतेचा प्रश्न येथूनच उद्‌भवतो.

मोठ्या संगणकावर चाचणीचा निकाल परिचालन प्रणाली नोंदविते. लहान यंत्रावर बहुधा अशी प्रणालीच नसते. आज्ञावली यशस्वी झाली, बिघडली की नुसती अडकून पडली, हे सांगण्यास कोणी नसते. सिग्नस या अमेरिकन कंपनीत १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी रॉब सव्हॉय यांनी रचलेल्या डेजाग्नू या चाचणी-प्रणालीत यावर साधा उपाय योजलेला आहे. चाचणीस एक छोटी पूरक आज्ञावली जोडतात व ती अखेरीस निकालाचा अंक अक्षररूपाने बाहेर पाठविते. सीरियल तारेतून आलेली ही अक्षरे मोठा संगणक वाचतो. ठराविक वेळात ती न आल्यास चाचणी अयशस्वी धरतात. तथापि तारेत अक्षरे गळाली, तरी निकाल तोच लागतो. अशा खोट्या अपयशांच्या गर्दीत कंपायलरचा खरा दोष दडून राहतो आणि तो दोष पुढे गाडीच्या नियंत्रकात उतरू शकतो.

महाराष्ट्रात हे काम पुण्यात झाले. केपीआयटी कमिन्स या कंपनीने रेनेसासच्या एच८ व एसएच या मालिकांसाठी जीसीसी या मुक्त कंपायलरवर आधारित साधने विनामूल्य उपलब्ध केली. नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर१६ साठी तिच्या अभियंत्यांनी केलेली भर मार्च २०१२ मधील जीसीसी ४.७ मध्ये समाविष्ट झाली. सीआर१६ वर सी भाषेतील साधा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ पर्यंतचाच असतो. ३२ बिट गृहीत धरून लिहिलेल्या चाचण्या अशा यंत्रावर कंपायलर निर्दोष असूनही फसतात. म्हणून त्या ‘गैरलागू’ ठरवून वेगळ्या काढाव्या लागतात. मोठी स्मृती मागणाऱ्या चाचण्यांचेही तेच.

तारेचा प्रश्न टाळण्यासाठी मायक्रोकंट्रोलरची नक्कल करणारा सिम्युलेटर वापरतात. त्याचे निकाल स्थिर असतात, परंतु त्यांवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे होय. कंपायलर व सिम्युलेटर यांच्या कर्त्यांनी एकाच हस्तपुस्तिकेचा सारखाच चुकीचा अर्थ लावला असल्यास चाचणी बिनदिक्कत यशस्वी होते. सीआर१६ चा समावेश २०२३ मधील जीसीसी १३ मधून वगळण्यात आला. एच८ व एसएच टिकून राहिले.