क्लोव्हिसमध्ये घड्याळ बघायचं नाही

लबक मागं पडलंय. फेब्रुवारी १९५७. टेक्सासच्या सपाट रानातून गाडी पश्चिमेला पळतेय आणि मागच्या सीटवर ड्रमच्या सामानात तुम्ही कसेबसे मावलाय. न्यू मेक्सिकोची हद्द लागली की मनगटावरचं घड्याळ एक तास मागे करा.

पुढं बसलेला शिडशिडीत वीस वर्षांचा मुलगा म्हणजे गायक बडी हॉली. जाड काळ्या फ्रेमचा तो प्रसिद्ध चष्मा यायला अजून अवकाश आहे. गेल्या वर्षी डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं त्याला नॅशव्हिलला नेलं होतं. तिथं वादक बरेचसे कंपनीचे, ठरलेला वेळ संपला की काम बंद. ‘दॅटल बी द डे’ हे गाणं त्यानं तिथंच पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं, पण कंपनीनं ते बाजूला ठेवलं आणि त्यालाही सोडून दिलं.

क्लोव्हिसला नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत शिरा. पेटी तासाचे पैसे घेत नाही, गाण्याचे घेतो. माझ्या मते बडीच्या सगळ्या कारकिर्दीचं मर्म या हिशेबात आहे. चुकलं तर पुन्हा वाजवता येतं, कुणी घाई करत नाही. आज आधी दुसऱ्याच गाण्यावर बराच वेळ जातो. मग ‘दॅटल बी द डे’ येतं. गिटारची ती उतरती सुरुवात बडी स्वतः वाजवतो, जेरी ॲलिसन ड्रमवर आहे. संपतं तेव्हा पहाट होत आलेली असते. हे नमुन्यादाखल केलेलं मुद्रण आहे. तेच जसंच्या तसं बाजारात येईल आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाईल. डेक्काशी झालेल्या जुन्या करारामुळं बडीचं नाव घालता येत नाही, म्हणून तबकडीवर फक्त ‘द क्रिकेट्स’ हे बँडचं नाव.

उन्हाळ्यात पुन्हा याच खोलीत या. ‘एव्हरीडे’साठी जेरी ड्रम सोडून नुसत्या मांड्यांवर थापा मारतोय, पेटीची बायको व्हाय सेलेस्टा हे वाद्य वाजवतेय. ‘पेगी स्यू’च्या वेळी मात्र ड्रमचा आवाज इतका होतो, की जेरीची रवानगी बाहेरच्या खोलीत होते. तासाला पैसे मोजणाऱ्याला हे प्रयोग परवडलेच नसते.

आयोवात मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही. दौऱ्याच्या बसमधल्या गोठवणाऱ्या थंडीला कंटाळून बडीनं क्लिअर लेकहून विमान ठरवलं. ३ फेब्रुवारी १९५९ ला ते कोसळलं. त्याच्यासोबत दौऱ्यावरचे गायक रिची व्हॅलेन्स, बिग बॉपर आणि वैमानिकही गेले. बडी बावीस वर्षांचा होता. लोक त्याच्याबद्दल बोलताना या रात्रीपासूनच सुरुवात करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यापेक्षा काही महिने मागे, १९५८ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला चला. मार्चमध्ये बडी या शहरात वाजवून गेलाय. आता एका घरगुती स्टुडिओत पाच पोरं वर्गणी काढून आपली पहिली तबकडी करायला आलीत. सगळ्यांत मिळून एकच प्रत. जॉर्ज हॅरिसन पंधराचा, पॉल मॅकार्टनी सोळाचा. एका बाजूला त्यांचं स्वतःचं गाणं, दुसऱ्या बाजूला ‘दॅटल बी द डे’. गातोय सतरा वर्षांचा जॉन लेनन, आणि गिटारची ती उतरती सुरुवात या पोरांनी तबकडी ऐकून ऐकून बसवलीय.