वस्त्रविद्येची देवघेव

वेषभूषेची रचना शिकविणाऱ्या आपल्या संस्था व परदेशची विद्यापीठे ह्यांच्यात हल्ली सहकार्याचे करार होऊ लागले आहेत. आणि निसर्गाची हानी न करता टिकाऊ वस्त्र कसे निर्माण करावे, हा त्या शिक्षणाचा एक प्रमुख विषय मानला जातो. गोष्ट स्वागतार्ह खरी. पण ती अगदी नवी आहे असा कोणाचा समज असेल तर तो बरोबर नाही. वस्त्रविद्येची ही देवघेव दीडशे वर्षांहून जुनी असून आपला नागपूर-वर्ध्याचा टापू तिचा साक्षी आहे. तीत कोणी काय दिले व कोणाच्या पदरात काय पडले, ह्याचा हिशेब एकदा मांडून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

1863 मध्ये नागपुरास मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, स्थापन झाले आणि 1865 मध्ये येथे कलाकौशल्याचे व शेतमालाचे प्रदर्शन भरले. लगेच 1866 मध्ये लंडनमध्ये डॉ. फॉर्ब्स वॉटसन ह्यांनी हिंदी कापडाचे 700 नमुने 18 खंडांत चिकटवून एक विलक्षण ग्रंथ सिद्ध केला. त्याचे 20 संच निघाले. पैकी 13 विलायतेत राहिले व 7 इकडे आले. हिंदी माणसास काय आवडते हे पाहून विलायती कारखानदारांनी तसा माल काढावा, हा त्यातील उघड हेतु होता. अर्थात् विलायत येथे शिष्य झाली. मात्र गुरुदक्षिणा देण्याचे तिला स्मरण राहिले नाही! नमुन्यांची लांबी-रुंदी, वजन, गाव ह्यांची नोंद आहे. ज्याच्या हातून ते उतरले त्या विणकराचे नाव तेवढे नाही.

दुसरी देवघेव रंगाची. आपल्याकडील लाल रंग आलीच्या मुळ्यांपासून निघे. 1868 मध्ये ग्रेबे व लीबरमान ह्या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार करून दाखविले, आणि पुढे डांबरापासून निघणाऱ्या त्या स्वस्त रंगापुढे मंजिष्ठा व आल ह्या दोहोंचीही लागवड बसली. ह्यात जर्मन पंडितांचा दोष काढता येणार नाही. शोध थोरच होता. पण आलीच्या शेतकऱ्याचे व रंगाऱ्याचे पुढे काय होईल, हा प्रश्न कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

तिसऱ्या प्रसंगी मात्र आपण घेणारे झालो, आणि तेही आंधळेपणाने नव्हे. जमशेटजी टाटांनी लँकेशायरमध्ये जाऊन गिरण्यांचा धंदा नजरेखालून घातला, आणि मुंबई सोडून कापसाच्या पिकाजवळ, 1867 मध्ये रेल्वे येऊन पोचलेल्या नागपुरास आपली गिरणी काढली. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्याच्याच दिवशी, ती सुरू झाली व 'एम्प्रेस' हे नाव पावली. रेल्वेच्या नोकरीतून आलेले बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक झाले. लँकेशायर आपल्या जुन्या म्यूल यंत्रास चिकटून असताना अमेरिकेत निघालेल्या रिंग पद्धतीच्या चात्या येथे लावून पाहण्यात आल्या व त्या यशस्वी ठरल्या. शिष्याने गुरूपुढे पाऊल टाकले ते असे. मात्र गिरणीच्या सुताने घरोघरचे चरखे थांबले, हेही विसरता येत नाही. आज ती गिरणीही नाही.

चौथा प्रसंग वर्ध्याचा. आणि माझ्या मते तोच आजच्या प्रश्नास सर्वांत जवळचा. जे. सी. कुमारप्पा हे लंडनला हिशेबतपासणीची विद्या शिकलेले व अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन केलेले गृहस्थ. ते 1934 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम पाहण्यासाठी मगनवाडीत येऊन राहिले. तेथेच 1938 मध्ये मगन संग्रहालय उघडले. निसर्गाचे भांडवल खाऊन टाकणारी अर्थव्यवस्था व त्याचे व्याज घेऊन चालणारी अर्थव्यवस्था, असा भेद करून त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो तुरुंगात. ज्या शब्दासाठी आज परिषदा भरतात त्याचा अर्थ ह्या मनुष्याने वर्ध्याच्या मातीत बसून लावला होता. विद्या परदेशची, अनुभव येथला. दोन्ही एका ठिकाणी आली म्हणूनच हे फळ धरले.

हिशेबाची बेरीज अशी की, परदेशाशी विद्येचा व्यवहार करण्यात कमीपणा नाही. तो न करणे हाच करंटेपणा होईल. परंतु जेथे केवळ नमुना उचलला गेला तेथे एक पक्ष श्रीमंत झाला व दुसरा विसरला गेला. जेथे माणूस येऊन राहिला तेथे दोघांचेही ज्ञान वाढले. म्हणून अशा करारांची परीक्षा त्यांखालील सह्यांवरून करू नये. विद्यार्थी उमरेडच्या मागापाशी किती दिवस बसला, कापूस पिकविणाऱ्याच्या शेतात गेला की नाही, आणि तयार झालेल्या वस्त्रावर रचनाकाराच्या नावाशेजारी विणकराचे नाव आले की नाही, हे पाहावे. फॉर्ब्स वॉटसनच्या 18 खंडांत मोकळी राहिलेली ती जागा भरून काढणे, हे विद्यापीठास शोभेल असेच काम आहे.