मापात पाप

आमच्या नाक्यावर एक परमिट रूम आहे. तिथल्या साठ मिलीच्या पेगात व्हिस्की किती आणि बर्फ किती, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एकदा मनाचा हिय्या करून वेटरला म्हटलं, "बाबा रे, पेग कमी वाटतोय."

"पेग बरोबर आहे साहेब, ग्लास मोठा आहे!"

यावर काय बोलणार? मुकाट्याने खारे दाणे चघळत बसलो.

पुढे इतिहास चाळला आणि धीर आला. हे दुखणं माझ्या एकट्याचं नव्हे! इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमारास बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने काळ्या दगडावर कायदे कोरून घेतले. त्यातलं १०८वं कलम खास गुत्तेवालीसाठी. धान्याच्या मोबदल्यात बिअर कमी दिली, तर तिला पाण्यात फेकावं! पुढे १२१५ साली इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाला मॅग्ना कार्टा मान्य करायला लावला. त्यातही ३५वं कलम आहेच : राज्यभर वाइनचं माप एक, बिअरचं माप एक.

म्हणजे प्रश्न दोन घोटांचा नाही. समोरच्याने आपल्याला बावळट धरलंय, हे गिऱ्हाइकाला पावणेचार हजार वर्षं सलतंय.

दुसऱ्या दिवशी ताठ मानेने वेटरला हम्मुराबी ऐकवला. त्याने शांतपणे टेबल पुसलं आणि विचारलं,

"ते कुठल्या टेबलावर बसतात, साहेब? त्यांची उधारी तर नाही ना राहिली?"