सूर्याची नोंद

नागपूरचा माणूस सहसा सूर्याच्या वाटेला जात नाही. मे महिन्यात तोच आपल्या वाटेला येतो, तेवढं पुरे! पण डिसेंबरातली पहाट निराळी. मफलर गुंडाळावा, खिशात होकायंत्र टाकावं आणि काटोल रस्त्यावरचं जुनापाणी गाठावं. आमच्या सौभाग्यवतींच्या मते सूर्य गच्चीवरूनही दिसतो. खरं आहे, पण गच्चीभोवती जुनापाणीचे दगड नाहीत.

तिथे आसपास मोठमोठ्या दगडांची सुमारे 300 वर्तुळं आहेत. ही लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनं. एकेकाळी मध्य प्रांताचा कापूस-आयुक्त असलेल्या रिव्हेट-कार्नाक साहेबाने 1879 साली त्यांच्यावर लेख लिहिला. कपाशीवरून मन उडालं की साहेब लोक थडगी उकरीत असावेत. काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले त्याला दिसले, तसेच विलायतेतल्या दगडांवरही होते. पुढे 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. त्यानंतर खगोलाच्या अभ्यासकांना शंका आली, की हे खळगे दिशा तर दाखवीत नसतील?

आता थोडा हिशेब. नागपूरला 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य पूर्वेपासून जवळजवळ 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे पूर्वेला 100 पावलं चाललात, की दक्षिणेला 47 टाकायची. वर्तुळाच्या मध्यापासून या रेषेवर निघालं, की समोर हमखास एक दगड येतो! अंगावर काटा येतो. पण कारकुनी मन विचारतं, बाबा रे, चहूबाजूंनी दगडच आहेत, कुठेही निघालास तरी दगडच आडवा येणार ना? वाटेल ती रक्कम जमा करून जुळवलेलं खातं तपासनीस मान्य करील काय? म्हणून खळग्यांचेच दगड बघायचे आणि तेही एका नव्हे, अनेक वर्तुळांत त्याच दिशेला सापडले पाहिजेत.

असं पावलं मोजत चाललं, की कुणीतरी विचारतोच, ‘‘काय शोधून राह्यले जी?’’

‘‘सूर्य.’’

‘‘तो तं केव्हाचा वर आला न!’’

बरोबरच आहे. या अडीच-तीन हजार वर्षांत सूर्याची उगवायची टोकाची जागा अर्धा अंशसुद्धा हललेली नाही. एवढ्या दीर्घ नोकरीत बदली न झालेला तो एकटाच! हलतात ते दगड. कुणाला बांधाला हवा असतो, कुणाला रस्त्याला. एक खळग्याचा दगड उचलला, की मूळ वहीतलं पानच गेलं. मग उरलेली बेरीज कितीदाही करा. आणि ज्यांनी आपल्या माणसांना पुरून हे दगड ओढत आणून रचले, त्यांनी लिहिलेला एक कागदही आपल्यापाशी नाही. आहे ती एवढीच नोंद.

तेव्हा जुनापाणीला जरूर जा. पावलं मोजा, सूर्य तपासा. बसायचं असेल तर सतरंजी मात्र घरून न्या. तिथला दगड जवळ ओढू नका.