पावाचा तुकडा आणि फ्रेंच टोस्ट

फ्रेंच टोस्टमधलं ‘फ्रेंच’ हे विशेषण मोठं फसवं आहे. २००३ साली इराकवरच्या युद्धाला फ्रान्सने विरोध केला, तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहांत रागारागाने या पदार्थाचं नाव ‘फ्रीडम टोस्ट’ करण्यात आलं. २००६ मध्ये जुनं नाव गुपचूप परत आलं. राग काढायला पदार्थच चुकीचा निवडला होता म्हणायचं! खुद्द फ्रान्समध्ये याला ‘पँ पेर्दू’, म्हणजे ‘वाया गेलेला पाव’ म्हणतात. ‘फ्रेंच टोस्ट’ हे नाव इंग्रजांच्या पुस्तकातलं. रॉबर्ट मे या आचाऱ्याच्या १६६० च्या पाकपुस्तकात ते आहे. पण त्यात ना अंडं, ना दूध. फ्रेंच पाव भाजायचा आणि साखर, संत्र्याचा रस घातलेल्या मद्यात भिजवून वाढायचा.

पदार्थ मात्र त्याहून पुष्कळ जुना. अपिशियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहात तो सापडतो. पांढऱ्या पावाची कड काढा, मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तेलात तळा, वर मध ओता. पुढे तो युरोपभर पसरलेला दिसतो. जर्मनीत त्याला ‘गरीब शिलेदार’ म्हणतात, स्पेनमध्ये तो ईस्टरपूर्वीच्या दिवसांत होतो, पोर्तुगालमध्ये नाताळला. मुळाशी गरज एकच, शिळा पाव सत्कारणी लावण्याची. आपली फोडणीची पोळी याच घराण्यातली.

आणि पाव शिळाच हवा बरं का. शिळा होताना पाव नुसता वाळत नाही, त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो. म्हणून ताजी स्लाइस दुधात लगदा होते, कालची मात्र दूध पिऊनही अंग धरून राहते. अंडं तव्यावर गोठतं आणि हा सगळा संसार सावरून धरतं.

महाराष्ट्रात मात्र पावाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पायाने तुडवतात म्हणून पाव, असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात शब्द पोर्तुगीज आहे आणि खमीर घालून फुगवलेला हा पाव पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्यामुळेच रुजला. त्यामुळे तो शिळा झाला तर काय करायचं, हा प्रश्न पुष्कळ हिंदू घरांत नव्हताच. तो तोंडात घालायचा की नाही, हाच प्रश्न होता. पाव खाल्ला म्हणजे बाटला! १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली. जातिभेद मानत नाही याची खूण म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यावं लागे. सभा गुप्त होती. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटण्याच्या धास्तीने सभाच मोडली. एका घासाची केवढी ही दहशत! पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, तेव्हा प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे यांनाही प्रायश्चित्त चुकलं नाही.

तो पाव पुढे इराण्याच्या हॉटेलातून, गल्लीतल्या बेकरीतून हळूहळू घरात शिरला. अंड्याला अजूनही कित्येक घरांत मज्जाव आहे. तिथे डाळीचं पीठ ते काम करतं. बाकी घरांनी मूळच्या गोड पदार्थात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तो तिखट करून टाकला. माझं मत विचाराल तर हा बदल चांगलाच झाला. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात काही ठिकाणी तर या टोस्टला ‘बॉम्बे टोस्ट’ म्हणतात.

उद्या सकाळी करून पाहणार असाल, तर स्लाइस जाड कापा, मिश्रणात क्षणभर मुरू द्या आणि आंच मंद ठेवा. मोठ्या आंचेवर बाहेरून करपतो आणि आत कच्च्या अंड्याचा वास राहतो.