राजगडाच्या पायथ्याचे वैदू, देवऋषी आणि झाडपाला

राजगडाच्या पाली दरवाजाकडे जाणारी वाट पाली गावाकडून चढते. वेल्हे (आताचा राजगड) आणि भोर तालुक्यांतील अशा डोंगरी गावांत आजारपणात दोन माणसांची आठवण होत आली आहे. झाडपाल्याचे औषध देणारा तो वैदू आणि अंगारा, गंडादोरा व कौल यांचा अधिकारी तो देवऋषी. (वैदू नावाची भटकी जमात आहे, गावातला जाणकार तो निराळा.) व्यवहारात ही दोन्ही कामे पुष्कळदा एकच व्यक्ती करते. त्यामुळे औषध कोठे संपले आणि विधी कोठे सुरू झाला, हे रुग्णाला उमगत नाही.

वनस्पती काढण्याचेही शास्त्र असते. आदल्या सायंकाळी झाडाला हळदकुंकू व अक्षता वाहून आमंत्रण द्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी, कोणाशीही न बोलता, मुळी काढावयाची, अशी पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. औषधाचे नाव सांगितले की गुण जातो, हा समजही तितकाच रूढ आहे. या गुप्ततेपायी कित्येक औषधे जाणकारासोबतच लोपली. मात्र विधीच्या बंधनामुळे मुळी गरजेपुरतीच निघते, हेही मान्य करावयास हवे. पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात श्रद्धेने राखलेल्या वनांचे महत्त्व मांडले होते. याउलट, कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन ज्यात सापडते, त्या नरक्याची सह्याद्रीत व्यापारासाठी बेसुमार तोड झाली. तेथे ना आमंत्रण होते, ना अक्षता.

अडुळसा खोकल्यावर, निरगुडीचा शेक सांधेदुखीवर, मुरुडशेंग बाळाच्या पोटदुखीवर, येथवर झाडपाल्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न सर्पदंशाचा आहे. सर्पगंधेच्या मुळीतून १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळे करण्यात आले आणि ते रक्तदाबावर उपयोगी ठरले. परंतु साप नावात असला तरी विष उतरविण्याचा गुण त्या मुळीत नाही. तरीही देवऋषीला यश का येते? बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही काही वेळा चावताना विष सोडत नाही. अशा रुग्णाच्या जगण्याचे श्रेय मंत्राला मिळते आणि पुढचा, खरोखर विष भिनलेला रुग्ण त्याच दारात बसवून ठेवला जातो.

वरंध घाटापलीकडे महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आणले. तोपर्यंत विंचवावर दवाखान्यातही खात्रीचा इलाज नव्हता. लोक मांत्रिकाकडे जात, यात नवल नव्हते. आज ती सबब उरलेली नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. झाडपाल्याचे औषध देणे मात्र या कलमाखाली येत नाही. दंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये, अवयव हलू न देता रुग्णास थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.