मूळ रंग कोणता?

‘मूळ संहिता कोणती?’ हा प्रश्न आपण पोथ्यांच्या संदर्भात विचारतो. तोच प्रश्न एका मोटारीच्या पत्र्यासंबंधीही विचारावा लागतो, हे अमेरिकन गायिका जॅनिस जॉप्लिन हिच्या पोर्शेचा इतिहास पाहिला की ध्यानात येते.

कारखान्यातून येणाऱ्या रंगाचा धर्म सारखेपणाचा. एका रंगाच्या हजार गाड्यांत फरक दिसू नये, हेच त्याचे यश. १९६०च्या दशकातील प्रतिसंस्कृतीला नेमका हा सारखेपणा जाचत होता. १९६७ मध्ये जॉन लेननने आपल्या रोल्स-रॉइसवर पिवळ्या रंगावर फुलेवेली काढून घेतल्या. प्रतिष्ठेच्या चिन्हाचीच ती थट्टा होती. पुढच्या वर्षी जॉप्लिनने १९६४ची ३५६ सी कॅब्रिओले ही वापरलेली पोर्शे साडेतीन हजार डॉलरना घेतली आणि दौऱ्यांवर सोबत असणाऱ्या डेव्ह रिचर्ड्‌सला ५०० डॉलर देऊन ती रंगवायला सांगितली. त्याने तीवर फुलपाखरे, भूछत्रे, निसर्गदृश्ये, जॉप्लिन व तिचे सहकारी, तिची मकर रास असे सारे एकात एक गुंफले. या चित्राचे नाव होते ‘विश्वाचा इतिहास’.

१९६९ मध्ये गाडी चोरीला गेली. ओळख लपवण्यासाठी चोराने चित्रांवर करडा रंग फवारला. पण रिचर्ड्‌सने चित्रावर पारदर्शक लेप दिलेला असल्याने वरचा रंग काढता आला आणि खालचे चित्र वाचले.

४ ऑक्टोबर १९७० रोजी जॉप्लिन गेली. पुढे गाडी तिच्या भावंडांकडे आली, तेव्हा चित्राचे पोपडे निघू लागले होते. त्यांनी गाडी दुरुस्त करवून ती कारखान्याच्या मूळ करड्या रंगात, ‘डॉल्फिन ग्रे’त, परत नेली. चोराचा रंग करडा आणि भावंडांचाही करडाच. एकाचा हेतू लपवण्याचा, दुसऱ्यांचा जपण्याचा. मात्र चित्र खऱ्या अर्थाने नाहीसे झाले ते जपणुकीच्या हातून. कारण ‘मूळ’ म्हणजे ‘सर्वांत आधीचे’, हा अर्थ त्या वेळी गृहीत धरला गेला.

१९९०च्या दशकात कुटुंबाने हा अर्थ बदलला. जुन्या छायाचित्रांच्या आधारे दुसऱ्या कलावंतांकडून ते चित्र पुन्हा काढून घेतले. १९९५ पासून गाडी क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रेक्षकांसमोर आली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला १७ लाख ६० हजार डॉलर मिळाले. अंदाज होता चार ते सहा लाखांचा.

ही किंमत कशाची? कारखान्याच्या रंगाची नव्हे, रिचर्ड्‌सच्या हाताचीही नव्हे, कारण आज दिसणारी एकही रेषा त्याची नाही. पत्रा तोच आहे आणि चित्र ही त्याची प्रत आहे. तरीही करड्या रंगातली ‘अस्सल’ गाडी जॉप्लिनविषयी काहीच सांगत नव्हती आणि ही नक्कल पुष्कळ सांगते. संपादकाने कालक्रमाने पहिला पाठ निवडावा की ज्या पाठाने ती कृती लोकांच्या मनात रुजली तो, या जुन्या वादात भावंडांनी आयुष्यात दोनदा दोन वेगळ्या बाजू घेतल्या. दोन्ही वेळा त्यांची निष्ठा प्रामाणिक होती. पण बहिणीची गाडी आपल्याला दिसते, ती दुसऱ्या निर्णयामुळे.